नावडतीचा वास

लिफ्टमध्ये आम्ही चौघं होतो आणि लिफ्टमध्ये सगळे करतात तसं चौघंही दारावरच्या आकड्यांकडे बघत होतो. मी चष्म्याच्या दुकानातून निघाले होते. नवा चष्मा नाकावर होता, त्यामुळे जगातल्या सगळ्या वस्तूंना पुन्हा कडा आल्या होत्या: बटणांना, समोरच्या माणसाच्या कॉलरला, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या मानेला. ती मान मला ओळखीची वाटली. चेहरे मी विसरते, हल्ली तर फारच विसरते, पण बसवलेली कातडी मी विसरत नाही. मांडीवरची कातडी काढून मानेवर बसवली की ती जगते, वाढते, उन्हात थोडी काळवंडतेही, पण शेजारच्या कातडीशी तिचं पुरतं सूत जुळत नाही. एक बारीक शिवण राहते. या बाईची शिवण कानाच्या पाळीखालून वळून स्कार्फच्या आत गेली होती. झकास बसली होती. एखाद्या शिंप्याला रस्त्यात आपण शिवलेला कोट परक्याच्या अंगावर दिसावा तसं मला वाटलं आणि मी तिच्याकडे बघून हसले. तिने मला ओळखलं नाही. ओळखणार कशी, वॉर्डात आमचं अर्धं तोंड कायम कापडाखाली. रीत म्हणून तीही हसली, आणि हसता हसता तिचं हसू जागच्या जागी थांबलं. नाकपुड्या फुगल्या. पर्सचा बंद तिने दोन्ही हातांनी आवळला, खांदे वर आले, मान आत गेली. ड्रेसिंगची ट्रॉली दारात आली की खाटेवरची माणसं जशी होतात तशी ती उभ्या उभ्या झाली. "मला उतरायचंय," ती म्हणाली, कुणाला ते तिलाही ठाऊक नसावं, आणि मधल्याच एका मजल्यावर, जिथे नुसतं रंगकाम चाललं होतं आणि तिचं काही काम असणं शक्य नव्हतं, दार उघडताच बाहेर पडली. दार मिटलं. उरलेल्या दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी तिला चिमटाच काढला होता. तेव्हा मलाही तो वास आला: जिरॅनियम. माझ्या पिशवीतल्या खोक्यातल्या एका तेलाच्या बाटलीचं बूच सैल झालं होतं.

खाली आल्यावर मी बाकावर बसले, बूच घट्ट केलं आणि रुमालाने खोका आतून-बाहेरून पुसून घेतला. हा लाकडी खोका आता माझ्याबरोबर असतोच. सगळं आयुष्य मी भाजलेल्यांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काढलं, आणि निवृत्त झाल्यावर लोक जसे नातवंडं सांभाळतात किंवा गुडघे सांभाळतात, तशी मी या बाटल्या सांभाळते. वॉर्डात मला वासाची बाई म्हणतात. ड्रेसिंग बदलायच्या आधी मी कापसाच्या बोळ्यावर तेलाचे एकदोन थेंब टाकते आणि तो बोळा उशीच्या कोपऱ्याला टाचणीने लावते. जखमेच्या जवळपास तेल जाऊ द्यायचं नाही, हा पहिला धडा. डॉक्टर मंडळी सुरुवातीला हसली. एकाने मला विचारलं होतं की आता पुढे काय, बासरी का. मी भांडले नाही. वासाने जखम भरत नाही हे मला त्यांच्याइतकंच माहीत होतं. पण ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आला की माणसाचा श्वास छातीच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन अडकतो, आणि वास घ्यायचा तर श्वास आत ओढावाच लागतो. एवढी साधी युक्ती आहे. श्वास खाली उतरला की खांदे उतरतात, मुठी सुटतात, आणि जुनी पट्टी सोडवणाऱ्या बाईचं काम सोपं होतं. पुढे डॉक्टरच मला निरोप पाठवायला लागले, की आज अमक्या खाटेवर जरा लवकर या. मी ते कुणाला सुनावलं नाही. मनात मात्र दरवेळी एक बारीकशी शीळ वाजायची, ती काही मला थांबवता आली नाही.

या कामातली खरी गोम वेगळीच आहे, आणि ती मला एका शिक्षकाने शिकवली. छाती आणि दोन्ही दंड भाजलेला हा गृहस्थ. मी त्याला विचारलं होतं, तुम्हाला कुठला वास सगळ्यांत आवडतो. आम्ही तेव्हा सगळ्यांनाच असं विचारायचो, पाहुण्याला काय घेणार विचारावं तसं. तो म्हणाला संत्रं. लहानपणी सुट्टीत त्याचा बाप पायरीवर बसून सगळ्या भावंडांना संत्री सोलून द्यायचा. मग रोज त्याच्या उशीला संत्रं. ड्रेसिंग छान व्हायचं, आम्ही खूष, तोही खूष. बरा होऊन घरी गेला आणि काही महिन्यांनी दाखवायला आला तेव्हा खोटं रागावून म्हणाला, सिस्टर, तुम्ही माझा बाप नेलात. घरात कुणी संत्रं सोललं की त्याचे दंड जळायला लागायचे, तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा. त्या दिवसापासून माझा नियम झाला: ओळखीचा वास कुणालाही द्यायचा नाही. माणसाला ज्याचं काही देणंघेणं नाही, ज्याला मागे घर नाही, बाप नाही, पायरी नाही, असा परका वास द्यायचा. दुखणं त्याला चिकटलं तर चिकटू दे, तो पुन्हा भेटणारच नाही. जिरॅनियम, सीडर, कुणी नावही न ऐकलेली झुडपं. या नियमावर मी कित्येक वर्षं निर्धास्त होते. आणि आज लिफ्टमध्ये तो परका वास पिशवीत घालून मीच त्या बाईच्या शेजारी जाऊन उभी राहिले होते. म्हणजे तो भेटतो. परका वास परका राहतो तो पहिल्या ड्रेसिंगपर्यंत. दुसऱ्या दिवशी तो आपल्याला नावानिशी ओळखतो. बाकावर बसून मला अपराधी वगैरे वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. ती मान हलत होती, वळत होती, स्कार्फ मिरवत होती. मला वाटलं ते एवढंच की नियमात कुठेतरी भोक आहे, आणि ते नेमकं आजच दिसावं, कारण आज दुपारी मला जाऊबाईंच्या खाटेपाशी उभं राहायचं होतं.

जाऊबाई म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको. दीर गेले, आमचे हेही गेले, त्या घरातल्या आम्ही दोघीच उरलो, आणि दोघी शहराच्या दोन टोकांना आपापल्या कुलपात राहतो. हा शब्द जाऊबाईंचा. त्यांच्या मुलाने कितीदा सांगितलं की माझ्याकडे चला, तर म्हणायच्या, माझं कुलूप आहे ना अजून. मागच्या आठवड्यात कढत पाण्याचं पातेलं उचलताना त्यांची पकड सुटली आणि पाणी उजव्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत. बाकी अंगावर थोडं. जीव वाचला, वयाच्या मानाने तब्येत झकास, पण हात. भाजलेल्या हाताची बोटं पहिल्याच दिवसांत उघडमीट करत ठेवली नाहीत तर ती आखडून बसतात, आणि बसली की मग कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. जाऊबाईंनी काल आणि परवा ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला, आमच्या हळूबाईला, हाताला हात लावू दिला नव्हता. वरवरची पट्टी कशीबशी बदलू दिली, बोटं हलवायची वेळ आली की हात चादरीखाली. भूल देऊन करावं म्हटलं तर हृदय रोज भूल झेलण्याइतकं तरुण नाही. मोठे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते की त्यांना किल्ली धरून फिरवता आली तर त्या एकट्या राहू शकतील, नाही आली तर नाही. इतकं सरळ आहे. मी जाऊबाईंना ते तसंच सांगितलं. त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या होत्या, मग मुलाला सांग, खोली रंगवून ठेव.

रुग्णालय तिथून जवळ होतं, मी चालत गेले. कोपऱ्यावरच्या लाँड्रीतून वाफेचा गरम वास आला, पुढे टायरवाल्याचा रबराचा, त्याच्या पुढे एका बाईने पायरी धुतली होती तिथला ओल्या दगडाचा. चालताना मी नेहमी असं नाकाने चालते. डोळे कमी झाले, कान तर एका बाजूने संपावर गेले, पण नाक अजून कामावर आहे, आणि म्हातारपणी मला असं वाटायला लागलंय की आठवणी वगैरे आपण उगाच मेंदूत शोधतो. त्या रस्त्यातच पडलेल्या असतात, वाकून उचलायच्या. त्या ओल्या दगडापाशी मला आमचं जुनं घर दिसलं. वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या, आणि स्वयंपाकघर इतकं चिंचोळं की दोघी जावा एकदम आत असलो तर एकीने श्वास सोडल्याशिवाय दुसरीला वळता येत नसे. मी पाळीवरून यायचे, जाऊबाई पोस्टातून. त्यांच्या बोटांना शाईचा वास, माझ्या बोटांना जंतुनाशकाचा, आणि तशा बोटांनी आम्ही शेजारी शेजारी उभं राहून भाजी चिरायचो आणि हळू आवाजात हसायचो. हळू आवाजात का, ते मला त्या पायरीपाशी आठवलं नाही. आठवायची घाईही नव्हती. मी रस्ता ओलांडला.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर पुतण्या बसला होता, मांडीवर आईची पर्स. पन्नाशी उलटलेला माणूस, पण आईची पर्स मांडीवर असली की कुठलाही माणूस सात वर्षांचा दिसतो. काकू, आज तरी करू देईल का ती, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, देईल. तो म्हणाला की खोलीला पिवळा रंग बरा की पांढरा, बायको पिवळा म्हणतेय. मी म्हटलं की रंगाऱ्याला आणखी आठवडाभर फिरवत ठेव, रंगाऱ्यांना त्याची सवय असते. तो हसला आणि लगेच त्याचा चेहरा पडला. आई गेले दोन दिवस त्याच्याशी नीट बोललीच नव्हती. फार गोड बोलत होती. हेच त्याला सोसवत नव्हतं. जाऊबाई गोड बोलायला लागल्या म्हणजे खरोखर काहीतरी संपत आलंय, हे त्या घरात वाढलेल्या कुणालाही कळतं.

आत झगा चढवला, टोपी घातली, हात कोपरापर्यंत धुतले. हळूबाई ट्रॉली लावत होती. तिचं हे नाव मीच ठेवलं आहे. मी शिकवलेल्या मुलींत सगळ्यांत सावकाश, जुनी पट्टी पाण्याने इतकी भिजवते की पट्टीच कंटाळून सुटून येते. पेशंट तिला शिव्या देतात आणि सुट्टीवर गेली की तिचीच वाट बघतात. आज कुठला, असं तिने भुवयांनी विचारलं. मी सीडर दाखवला, लाकडाच्या वासाचा. नियमाप्रमाणे. त्यातलं भोक मला तासाभरापूर्वीच दिसलं होतं, पण ते बुजवायचं कशाने ते सुचलं नव्हतं, आणि हातात काही नसण्यापेक्षा सीडर बरा. दुखण्याचं इंजेक्शन आधीच दिलेलं होतं. जाऊबाई उशीला टेकून बसल्या होत्या, उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा उंच ठेवलेला, केस कुणीतरी चुकीच्या बाजूला विंचरलेले. मी आधी भांग बदलला. मी बोळा टाचणीने उशीला लावला तेव्हा त्यांनी एकदा हुंगलं.

"हा कुणाच्या कपाटाचा वास आणलास?"

मी म्हटलं की कुणाच्याच नाही, म्हणूनच आणला.

"धाकटे, काढ तो. नवं कपाट, नवी खोली, नवा पलंग. मला सगळं नवंच देताय तुम्ही लोक."

मी त्यांना माझा नियम समजावून सांगितला, शिक्षकाची गोष्ट सांगितली, आणि का कोण जाणे, मघाचं लिफ्टमधलंही सांगितलं. पेशंटला असं काही सांगायचं नसतं. पण त्या माझ्या जाऊबाई होत्या, आणि आयुष्यात मला जे जे खुपलं ते मी आधी त्यांना सांगत आले आहे. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. ट्रॉलीवर चिमटे वाजले तसे त्यांचे डोळे तिकडे गेले, हात गाठोड्यात आखडला, आणि मला दिसलं की आता तोंडातून गोड काहीतरी येणार: राहू दे गं पोरी, उद्या करू. पण आलं ते दुसरंच.

"म्हणजे आवडता दिला तर तो नासतो," त्या म्हणाल्या. "आणि परका दिला तर तोही नासतो."

"हो."

"मग नासकाच दे की. मला रडू येईल असं काही नको. राग येईल असं दे."

हळूबाई थांबली. मी खोक्याकडे पाहिलं. खोक्यात मागच्या रांगेत, कोपऱ्यात, एक बाटली होती जी मी कधीच कुणाला दिली नव्हती. तेलं पाठवणारा दरवेळी संचात ती पाठवतो, आणि मी दरवेळी ती मागे सारते. दाताच्या डॉक्टरची आठवण येते लोकांना, असं मी कुणी विचारलं तर सांगायचे. लोकांना येत असेलही. मी ती बाटली काढली आणि बोळ्यावर एकच थेंब टाकला, आणि तो थेंब कापसात मुरायच्या आत आमच्या दोघींच्या पाठी ताठ झाल्या. त्या खाटेवर, मी खाटेशेजारी. दोन म्हाताऱ्या, एखादी दोरी ओढावी तशा ताठ. लवंग. मला जाऊबाईंकडे बघायची गरज नव्हती. त्यांनाही कळलं होतं, खोलीत कोण आलं ते.

सासूबाईंच्या डाव्या गालात कायम कापसाचा बोळा असे, लवंगेच्या तेलात बुडवलेला. त्यांची दाढ दुखे. निदान त्या तसं म्हणत. त्या कधी ओरडल्या नाहीत, हात उगारला नाही, बाहेर कुणाला विचाराल तर अत्यंत सोशिक बाई. पण त्यांच्या आधी त्यांचा वास येई. चिंचोळ्या स्वयंपाकघराच्या दारात लवंग आली की आमचं हसू बंद, गॅस बारीक, सुरी सरळ, आणि मग मागून त्या, दात न उघडता बोलणाऱ्या: हा टॉवेल असा घडी घालतात का तुमच्याकडे. आम्ही त्यांचं नाव लवंगाबाई ठेवलं होतं. त्या नावावर आम्ही दोघींनी ती सगळी वर्षं काढली, एकीने पोस्टाच्या काउंटरवर आणि दुसरीने वॉर्डात ओठ चावत, कारण भर राउंडमध्ये मला ते नाव आठवून हसू यायचं. हसायला ठीक होतं ते. पण जाऊबाईंना एकदा बढती आली होती. डोंगरातल्या एका गावचं पोस्ट, त्या स्वतः प्रमुख. पुढे काउंटर, मागे राहायला दोन खोल्या, खिडकीतून म्हणे दरी दिसायची. दिरांची ना नव्हती. जेवायच्या टेबलाशी त्यांनी ते सांगितलं आणि सासूबाईंनी बोळा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. जा की, त्या म्हणाल्या, माझं काय, मी बसेन दाढ धरून. एवढंच. भांडण काढावं असं त्यात काही नव्हतंच. जाऊबाईंनी ताटं उचलली. त्या गेल्या नाहीत. शहरातल्याच काउंटरवर शिक्के मारत निवृत्त झाल्या, आणि त्या दरीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, माझ्यापाशीसुद्धा नाही. मी मात्र कधी कधी रात्रपाळीला वॉर्डातल्या खिडकीपाशी उभी राहून त्यांच्यासाठी ती दरी बघायचे.

"घे," जाऊबाई हळूबाईला म्हणाल्या, आणि हात पुढे केला.

हळूबाईने पाणी घातलं, थांबली, पुन्हा घातलं. वरची पट्टी आली, खालची जाळी आली, तिच्याबरोबर थोडी मेलेली कातडी आली. खालचा हात लाल, ओला, सोललेला, पण मी डोळे बारीक करून पाहिलं तर रंग चांगला होता, जिवंत होता. जाऊबाईंच्या कपाळावर घाम फुटला. त्या जोरजोरात लवंग ओढत होत्या, नाकाने, भांडायच्या आधी बायका ओढतात तशी. पांढरं मलम लावायच्या आधी बोटं हलवून घ्यायची असतात. हळूबाई म्हणाली, आजी, आता मूठ मिटायची, थोडी, जमेल तेवढी. अंगठा जरासा हलला. बाकीची बोटं तशीच, लाकडाची. मी ती बोटं बघत होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती, की पिवळ्या रंगाच्या खोलीत ही बाई महिनाभरात मरेल. अंगाला काही होणार नाही, जेवेल, झोपेल, नातवंडांशी गोड बोलेल, आणि मरेल. इतकी वर्षं मी खाटांपाशी उभी राहिले, पण माझं स्वतःचं असं कुणी त्या खाटेवर नव्हतं. जाऊबाई गेल्या तर त्या स्वयंपाकघरात मी एकटीच उभी राहणार होते. मग हसणार कुणाबरोबर. मला त्या क्षणी नियम, बाटल्या, कशाचंच काही सुचत नव्हतं. सुचलं ते तोंडातून गेलं.

मी दात न उघडता म्हणाले, "जा की. माझं काय, मी बसेन दाढ धरून."

हुबेहूब जमलं होतं. पूर्वी मी सासूबाईंची ही नक्कल करायचे, भिंतीकडे तोंड करून, आणि जाऊबाई पदराने तोंड दाबून हसायच्या. आज त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण माझ्याकडे नव्हे. माझ्या मागे दार होतं तिकडे.

"बसा मग," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण त्याला धार होती. "बसा दाढ धरून. मी चालले, आई. उद्याच्या गाडीने चालले. ताटं तुमची तुम्ही उचला. माझं पोस्ट आहे तिथे, माझ्या नावाचं. मागे दोन खोल्या आहेत आणि त्याची किल्ली माझ्याकडे आहे. टॉवेल मी कसाही घडी घालीन. गोळा करून फेकीन." आणि त्या बोलत असताना तो लाल हात उचलला गेला, दाराच्या दिशेने, आणि बोटं एकेक करून आत वळायला लागली. त्यांना ते समजलं नसावं. दुखत किती असेल ते मला समजत होतं, ओठांचा रंग गेला होता, पण वाक्य थांबत नव्हतं, आणि दरेक वाक्याला बोटं आणखी थोडी आत जात होती. हळूबाईने नुसता आपला तळवा त्या हाताखाली धरून ठेवला, पडलाच तर झेलायला. मूठ पुरती मिटली नाही. पण किल्लीएवढी मिटली. मी डोळ्यांनी किल्ली त्यात घालून पाहिली. बसत होती.

मग बाकीचं सगळं लवकर झालं, हळूबाईच्या मानाने. मलम, नवी जाळी, वर पट्टी, बोटं सुटी राहतील अशी. जाऊबाई डोळे मिटून पडल्या होत्या. मी ओल्या कपड्याने त्यांचं तोंड पुसलं, मानेखाली पुसलं. पुतण्याने दाराच्या काचेतून डोकावलं, मी त्याला हाताने खूण केली की ठीक, एकदम ठीक, आणि तो तिथेच उभा राहून डोळे पुसायला लागला, पर्स काखोटीला मारून. खोलीत लवंग अजून दाट होती. मी बोळा काढायला हात पुढे केला तर जाऊबाई डोळे न उघडता म्हणाल्या, राहू दे. मी खुर्ची ओढून बसले. पाय दुखत होते, नवा चष्मा नाकावर रुतत होता, आणि मला आतून असं भरून आलं होतं की कुणी ये म्हटलं असतं तर मी तिथे वॉर्डातच नाचले असते. ट्रॉली बाहेर गेली. चाकांचा आवाज लांब लांब जात कॉरिडॉरच्या टोकाला संपला.

"धाकटे," जाऊबाई म्हणाल्या.

"काय, जाऊबाई?"

"आपण म्हणायचो ना, नाटक करते म्हणून."

मी खोक्यात बाटलीचं बूच शोधत होते.

"खरंच दुखत असणार गं तिची दाढ. इतकी वर्षं. कुणी नुसतं तोंड उघडूनसुद्धा बघितलं नाही."

त्यांनी एक खोल श्वास घेतला, त्या वासाचाच. त्यात आता मघाचं भांडण नव्हतं. तेही गेलं, मला वाटलं. आवडता वास दुखण्याने नासतो, परका नासतो, आणि नावडता तेवढा उलटा नासतो, हे माझ्या कुठल्या नियमात बसणार होतं. लवंगाबाईंचा राग राग करायची माझी कायमची सोय त्या दुपारी बंद झाली, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही. मी बाटलीचं बूच लावलं आणि विचारलं की उद्या कुठला आणू.

"उद्यापण तिलाच घेऊन ये," जाऊबाई म्हणाल्या. "आधी दाढ कशी आहे ते विचारते. मग पुढचं ऐकवते."